राक्षस काढणारे हात

आमच्या घरात दोन कवट्या आहेत. एक माझ्या लोखंडी ट्रंकेत, ‘फँटम’ म्हणजे कॉमिक्समधल्या वेताळाच्या अंगठीवरची. ठोसा बसला की गुंडाच्या जबड्यावर जन्मभरासाठी उमटणारी. दुसरी लेकीच्या मोपेडवर चिकटवलेली, गवती टोपी घातलेली आणि दात काढून हसणारी. ती ‘वन पीस’ या जपानी चित्रकथेतल्या चाच्यांची निशाणी. १९९७ साली सुरू झालेली ही कथा अजून चालूच आहे, आणि ती संपू नये म्हणून लेक टेकडीच्या गणपतीला नवस बोलायलाही तयार आहे.

२०२५च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियात स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर लोकांनी ट्रकांवर आणि घरांवर हाच कवटीचा झेंडा लावला. सरकारवरचा राग दाखवायची ही त्यांची रीत होती. तिथले पुढारी चिडले, कुणी तर त्याला देशद्रोह म्हणालं. पुढच्याच महिन्यात काठमांडूत रस्त्यावर उतरलेल्या पोरांच्या हातात तोच झेंडा होता, आणि सिंहदरबार या सरकारी मुख्यालयाच्या फाटकावरही तोच लटकला. पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला. मी लेकीला म्हटलं, “तुझ्या स्टिकरने सरकार पाडलं की गं.” ती हेल्मेट घालता घालता म्हणाली, “बाबा, तुम्ही ना प्रत्येक गोष्टीत राजकारण आणून राहिले. कॉमिक आहे ते. मजा घ्या ना.”

हे वाक्य मी नागपुरात सगळीकडे ऐकतो. बर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगापुढे उकिडवे बसलेले माझ्या वयाचे शौकीन ते म्हणतात, आणि सुपरहिरोचा सिनेमा बघून बाहेर पडणारी पोरंही म्हणतात. आजकाल यात राजकारण फार घुसवतात, पूर्वी नुसती मजा असायची. पूर्वी म्हणजे नेमकं कधी, असं विचारलं की उत्तर बहुधा सांगणाऱ्याच्या वयाच्या दहाव्या वर्षावर येऊन थांबतं. दहा वर्षांच्या पोराला घरभाडं कोण भरतं तेही दिसत नसतं.

माझं म्हणणं असं आहे की अद्भुतकथेतलं राजकारण नायकाच्या भाषणात शोधूच नये. ते राक्षसाच्या तोंडावर शोधावं. त्याला रंग कुठला दिला, नाक कसं काढलं, तो कुठल्या बोलीत बोलतो, राहतो कुठे. आणि तो मेल्यावर वाचणाऱ्याला काहीच वाटू नये याची तजवीज कशी केली आहे. नायक काढताना चित्रकार सावध असतो, नियमात असतो. त्याचा हात सैल सुटतो तो राक्षसावर.

सुरुवात माझ्याच ट्रंकेपासून करतो. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स समूहाने १९६४ साली सुरू केलं आणि १९९०मध्ये ते बंद पडलं. त्यातली शेवटची काही वर्षं माझ्या वाट्याला आली. इतवारीत मामाच्या घराखाली एक जण पुस्तकं भाड्याने द्यायचा. एक कॉमिक आम्ही दोघं भाऊ एकाच वेळी वाचायचो, आणि पान कधी उलटायचं यावरून वेताळापेक्षा जास्त ठोसे आमच्यात व्हायचे. आता तेच अंक पुन्हा काढून बघतो तेव्हा दिसतं ते असं. कवटीच्या सिंहासनावर एक गोरा माणूस, एकवीस पिढ्यांपासून तोच. भोवती विषारी बाण घेतलेले बुटके बांदार, त्याच्या राखणीला. जंगल त्यांचं, कायदा याचा. त्यांच्यातला गुरन सोडला तर मला आज एकाचंही नाव सांगता येत नाही, आणि वेताळाच्या घोड्याचं व लांडग्याचं मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी येतं.

गंमत पुढे आहे. मूळ इंग्रजीत वेताळाच्या देशाचं नाव बंगालशी मिळतंजुळतं होतं. सुरुवातीला त्याचं जंगल आशियात होतं, नंतर ते आफ्रिकेत सरकलं. इंद्रजालवाल्यांनी त्याचं ‘डेंकाली’ केलं आणि ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले. आपलंच नाव चाच्याच्या माथी बघून इथला वाचक उखडेल हे संपादकाला बरोबर कळत होतं. म्हणजे आमची ती निर्मळ मजा निर्मळ राहावी म्हणून कुणीतरी लाल पेन घेऊन बसलेलं होतं. ते पेन आम्हाला दिसलं नाही, एवढंच.

वेताळाचा लेखक ली फॉक याला एक श्रेय द्यायला हवं. साठच्या दशकात आफ्रिकेतले देश एकेक करून स्वतंत्र झाले, तेव्हा वेताळाच्या देशातही लुआगा नावाचा काळा डॉक्टर निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाला. जादूगार मँड्रेकचा सोबती लोथार आधी बिबट्याचं कातडं गुंडाळून मोडकंतोडकं बोलायचा; साठच्या दशकाच्या मध्यावर तो धड बोलू लागला, धड कपडे घालू लागला. कथेचा साचा तोच, नायकही तेच. बदलला तो बाजूला उभा असलेला माणूस. ट्रंक मी अजून विकलेली नाही, विकणारही नाही.

आता आपल्याकडचं बघू. अनंत पैंची अमर चित्र कथा १९६७पासूनची. मी रामायण-महाभारत आधी त्या चौकटींत पाहिलं आणि मग कानांनी ऐकलं, त्यामुळे आजही हिरण्यकश्यपू म्हटला की मला त्यातलाच दिसतो. त्यातले असुर आठवा. सावळे ते काळे, जाड ओठांचे, अंगभर केस, पोट सुटलेलं. देव आणि ऋषी गोरे, किंवा मग निळे. कुणी कट करून हे केलं असं मी म्हणत नाही. कट असता तर पकडता आला असता. हात सवयीने चालत होता, आणि सवय हजार वर्षांची होती. आमच्या शाळेत एक पोरगा होता, वर्गात सर्वांत काळा. स्नेहसंमेलनात दर वर्षी त्याला रावण नाहीतर महिषासुर मिळायचा. आवाज खणखणीत आहे त्याचा, असं बाई म्हणायच्या, आणि ते खरंही होतं. सहावीत त्याने विचारलं, बाई, एकदा धनुष्य मिळेल का. त्या वर्षी त्याला कुंभकर्ण दिला. आम्ही सगळे हसलो होतो, मीही.

तिकडे अमेरिकेत कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरच्या जबड्यात ठोसा हाणतो. अंक बाजारात आला १९४०च्या डिसेंबरात. अमेरिका युद्धात उतरायला अजून वर्ष होतं आणि युरोपच्या भानगडीत आपण कशाला पडायचं म्हणणारे तिथे ढीगभर होते. काढणारे जो सायमन आणि जॅक कर्बी, दोघेही ज्यू घरांतले. त्यांना धमक्या आल्या. आज तेच मुखपृष्ठ टी-शर्टवर मिरवणारा चाहता कॉमिक्समध्ये राजकारण नको म्हणतो तेव्हा मला त्याला शर्ट उलटा घालायला सांगावंसं वाटतं.

पण तिथेच थांबलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. युद्ध पेटल्यावर त्याच धंद्यातल्या कॉमिक्सनी जपानी माणूस काढला तो पिवळाजर्द, सुळे बाहेर आलेला, माकडासारखा. हिटलर काढताना हिटलरच काढला होता, एक माणूस, मिशीसकट ओळखू येणारा. जपान्यांचा मात्र अख्खा वंशच राक्षस झाला. आणि याच वर्षांत अमेरिकेने आपल्याच देशातल्या जपानी वंशाच्या एक लाखाहून जास्त माणसांना उचलून छावण्यांत कोंडलं होतं. कॉमिक्समुळे कोंडलं असं नाही. पण ज्यांच्या दारात लष्कराचा ट्रक आला त्यांचा चेहरा शेजारच्या पोरांनी आधी कुठे पाहिला होता, हे विचारायला हरकत नाही.

आता माझी सर्वांत लाडकी गोष्ट. १९५३ साली ‘ईसी’ नावाच्या अमेरिकन प्रकाशनाने ‘जजमेंट डे’ ही सात-आठ पानांची कथा छापली. पृथ्वीवरून एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर तपासणीला येतो. हा ग्रह महासंघात घेण्याजोगा झाला आहे की नाही ते त्याला ठरवायचं आहे. तिथे यंत्रमानव दोन प्रकारचे, नारिंगी आणि निळे. आतला माल एकच, वरचा पत्रा तेवढा वेगळा. तरी निळ्यांची वस्ती निराळी, कामं हलकी, बसमध्ये जागा मागची.

नारिंगी आणि निळे! न्यूयॉर्कच्या कचेरीत बसून ज्यांनी हे रंग निवडले त्यांना नागपूर हे शहर आहे की फळ, हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण संघाचं मुख्यालय असलेल्या महाल भागातून आंबेडकरी वस्तीच्या इंदोऱ्याला जाणाऱ्या कुठल्याही माणसाला हे पान दाखवा. तो आधी हसेल, मग जरा गप्प होईल. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुणीतरी खोडसाळपणे रंग बदलले असतील असं वाटून मी दुसरी प्रत शोधून ताडून बघितली होती.

अंतराळवीर नकार देऊन परत निघतो, यानात बसल्यावर शिरस्त्राण उतरवतो. शेवटच्या चौकटीत कळतं की तो काळा माणूस आहे. त्याच्या चेहऱ्यावरचे घामाचे थेंब ताऱ्यांसारखे चमकताहेत. पुढे १९५४मध्ये कॉमिक्स पोरांना बिघडवतात अशी ओरड होऊन ‘कॉमिक्स कोड’ आला, म्हणजे धंद्याने स्वतःवर बसवलेली चाळणी. १९५६च्या अंकासाठी ईसीने ही कथा पुन्हा पाठवली तेव्हा चाळणीवर बसलेल्या साहेबांनी सांगितलं, अंतराळवीर काळा चालणार नाही. बाकी कथेला हात लावला नाही. पत्र्याच्या डब्यांनी एकमेकांचा कितीही भेदभाव करावा, त्यात त्यांना राजकारण दिसलं नाही. दिसलं ते फक्त त्या एका चेहऱ्यात. गोष्टीचा जीवच त्या चेहऱ्यात आहे, असं प्रकाशकाने ठणकावलं आणि कथा आहे तशी छापली. त्यानंतर ईसीने कॉमिक काढणंच सोडलं. ‘यात राजकारण आणू नका’ हे वाक्य कुणी म्हटलं की मला हे साहेब आठवतात. बहुतेक वेळा त्या वाक्याचा अर्थ एवढाच असतो की माझा राक्षस आधीच काढून झाला आहे, आता रबर आणू नका.

नागपूरकराला खरं तर हे दसऱ्याच्या दिवशी शहरातून एक फेरी मारली तरी कळावं. सकाळी रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव. संघ १९२५च्या दसऱ्याला याच शहरात सुरू झाला. दीक्षाभूमीवर पांढऱ्या कपड्यांतली लाखो माणसं. बाबासाहेबांनी १९५६ साली १४ ऑक्टोबरला, त्या वर्षीच्या दसऱ्यालाच, इथे धम्मदीक्षा घेतली. आणि संध्याकाळी कस्तुरचंद पार्कात रावण जळतो. लहानपणी मी बाबांच्या खांद्यावरून तो बघितला आहे, फटाक्यांनी कान बधिर होईपर्यंत. विदर्भातल्या काही गोंड वस्त्यांत मात्र रावण हा पूर्वज, राजा. त्यांच्या संघटना दर वर्षी हे दहन थांबवा म्हणून निवेदन देतात आणि आपण ती बातमी आतल्या पानावर वाचून पुढे जातो. हे शहर बख्त बुलंद शाह या गोंड राजाने वसवलं. त्याच्या गावात त्याच्या लोकांचा राजा जाळायचा, आणि वर म्हणायचं की दसऱ्यात राजकारण नसतं.

मग राक्षस काढायचाच नाही का? काढायचा. गोष्टीत राक्षस नसेल तर ती गोष्ट कशाला, ते परिपत्रक झालं. सदहेतूने छापलेल्या चित्रकथा मी पुष्कळ चाळल्या आहेत, सरकारी आणि चळवळींच्याही, आणि त्यांतल्या बहुतेकांत राक्षसाच्या जागी ‘समस्या’ नावाचा धूर असतो. अशी पानं पोरं उलटतसुद्धा नाहीत. राक्षस कसा काढता येतो याचं मी पाहिलेलं सर्वांत अस्सल उदाहरण २०११ साली आलेलं ‘भीमायन’. बाबासाहेबांचं चरित्र, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या गोंड कलावंतांची. माणसांना चौकटीत कोंबलं तर जीव गुदमरतो, असं म्हणून त्यांनी चौकटीच नाकारल्या. आणि त्यांतले बोलण्याचे फुगे पाहा. साध्या, मायेच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. टोचणाऱ्या, विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. छोट्या भीमाला पाणी नाकारणाऱ्या माणसाला सुळे नाहीत, शिंगं नाहीत, तो काळाही नाही. तो आपल्या गल्लीतल्या कुणासारखाही दिसतो. नांगी त्याच्या बोलण्याला आहे. म्हणजे तो उद्या वेगळं बोलला तर नांगी गळून पडेल, आणि तुम्ही आज तसं बोललात तर ती तुम्हाला फुटेल. रावणाला दहा तोंडं देणाऱ्या परंपरेला हे सुचलं नव्हतं. ज्यांना राक्षस म्हणून काढलं जातं त्यांच्या नातवंडांना सुचलं.

महाराष्ट्राने तर चित्रातून पक्ष निघालेला पाहिला आहे. बाळासाहेब ठाकऱ्यांचं ‘मार्मिक’ १९६०चं, शिवसेना १९६६ची. कुंचला जबरदस्त. एका रेषेत माणसाचं सोंग उतरवायची अशी हातोटी मी मराठीत क्वचितच पाहिली. त्याच साप्ताहिकात मुंबईतल्या दाक्षिणात्य नोकरदारांच्या नावांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ असं म्हणून छापल्या जात. यादी वाचून कुणी थंड बसत नाही, विशेषतः शेजारच्याच पानावर त्या नावांना हसण्याजोगा चेहरा मिळालेला असला तर.

इथे माझीच एक अडचण सांगतो. २०१२ साली शाळेच्या पुस्तकातल्या एका जुन्या व्यंगचित्रावरून रान पेटलं. शंकर यांनी १९४९ साली काढलेलं चित्र, राज्यघटनेच्या गोगलगाईवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. पुण्यात त्या पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. त्यांनी आणि योगेंद्र यादवांनी सल्लागारपद सोडलं. मी तावातावाने चित्राच्या बाजूने होतो. घटना हळू बनते आहे, चाबूक गोगलगाईसाठी आहे, हे न कळणाऱ्यांना चित्र वाचता येत नाही, वगैरे. इंदोऱ्याचा माझा एक जुना दोस्त तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर सगळं ऐकून म्हणाला, “चाबूक कोणासाठी आहे हे तुला विचार करून समजते. मला आधी तो चाबूकच दिसते, काय करू?” तोडफोड चूक होती, आजही चूकच म्हणतो, तोही तेच म्हणतो. पण त्याच्या वाक्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. चित्र काढणाऱ्याचा हेतू आणि बघणाऱ्याची पाठ या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, आणि मी तोवर फक्त पहिलीचाच वकील होतो.

तिसरी एक कवटी शहरात फिरते, बुलेटच्या टाक्यांवर. लांब दातांची, ‘पनिशर’ या अमेरिकन कॉमिकमधल्या पात्राची. कायदा धाब्यावर बसवून सूड घेणारा, मनाने मोडलेला माणूस होता तो. अमेरिकेत पोलिसांनीच ती कवटी अंगावर मिरवायला सुरुवात केली तेव्हा त्याचा निर्माता गेरी कॉन्वे कळवळून सांगत राहिला की बाबांनो, हा कायदा कोलमडल्याची निशाणी आहे. कुणी ऐकलं नाही. वन पीसचा झेंडा काठमांडूत गेला, ही कवटी पोलीस गाडीवर गेली. गोष्टीतून निघालेलं चिन्ह कुणाच्या घरी नांदेल याची हमी चित्रकार देऊ शकत नाही.

म्हणूनच मला आमची मारबत जवळची वाटते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीच्या अरुंद रस्त्यांतून काळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातला भलामोठा पुतळा, निघते, पिवळी निघते, आणि त्यांच्या मागेपुढे बडगे. १८८०च्या दशकापासून हे चालू आहे. वर्षभरात ज्याचा राग आला त्याचा पुतळा: महागाई, खड्डे, घोटाळा, एखादा मंत्री. बांबू, कागद, गवत. चित्रकारी बेताचीच, म्हणून छातीवर पाटी लावतात. ती पाटीच मला महत्त्वाची वाटते. बडग्याला राक्षसपण नाकावरून किंवा रंगावरून मिळत नाही, पाटीवर लिहिलेल्या आरोपावरून मिळतं. तो वाचता येतो, खोडून काढता येतो. “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत” म्हणत सगळं जाळून टाकायचं आणि पुढच्या वर्षी नवा बडग्या. राक्षसपणाची मुदत एक वर्ष.

मारबत सोवळी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. काळी मारबत इंग्रजांना मिळालेल्या बाकाबाई भोसलेच्या निषेधाची म्हणतात, म्हणजे काळी वाईट आणि पिवळी चांगली हा रंगांचा हिशेब इथेही आहेच, आणि फितुरीसाठी पुतळा झाला तोही बाईचाच. बडग्यांतही शेजारचा देश दर वर्षी हमखास असतो, आपल्याच मोहल्ल्यातला सावकार क्वचित. तरी लोक त्या काळीलाच हात जोडतात, तिची पूजा करतात, आणि मग जाळतात. आपण जाळतो ते आपल्याच घरचं काहीतरी आहे, एवढी जाणीव त्यात कुठेतरी उरली आहे.

यंदा लेक मारबत बघायला सोबत आली. पूर्ण वेळ फोनवर चित्रं टिपत होती, बडग्यांचे जबडे, तिरपे डोळे, चिकटपट्टीच्या भुवया. घरी आल्यावर कळलं, ती स्वतःची चित्रकथा काढते आहे, वहीच्या मागच्या पानांवर, जपानी पद्धतीने उजवीकडून डावीकडे. नायिकेकडे मोपेड आहे आणि ती उडते. मी विचारलं, खलनायक कोण? तिने वही छातीशी धरली. राजकारण आणायचं नाही या अटीवर दाखवली. दुष्ट सम्राट एका लोखंडी ट्रंकेवर बसलेला, आजूबाजूला जुन्या अंकांचे गठ्ठे, आणि कुणीही हसलं की तो त्याला थांबवून अर्धा तास समजावून सांगतो. चष्मा माझाच आहे. नाक मात्र तिने वाढवलं आहे, एवढं नाही माझं.